शिंपल्यांतील नागपूरकर

इ. स. १८५९ मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळाच्या इतिवृत्तांत ब्रिटिश म्यूझियममधील शास्त्रज्ञ विल्यम बेअर्ड यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. नागपूरच्या पाण्यांत सांपडलेल्या व पूर्वीं कोणीं न वर्णिलेल्या कांहीं बारीक कवचधारी प्राण्यांची ओळख त्यांत करून दिलेली होती. हे नमुने गोळा करणारे गृहस्थ म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. त्यांचें नांव नागपुरांत आजहि एका महाविद्यालयाच्या निमित्तानें रोज घेतलें जातें. परंतु त्याच हिस्लॉप साहेबांचें नांव मसुराच्या दाण्याएवढ्या एका जलचरालाहि मिळालें आहे, हें महाविद्यालयाच्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. बेअर्ड यांनीं त्या जलचराचें नांव ठेविलें एस्थेरिया हिस्लोपाय. पुढें त्याचा पूर्वार्ध बदलला, आणि आज शास्त्रज्ञ त्याला सायक्लेस्थेरिया हिस्लोपाय म्हणून ओळखतात. या नांवाचा खरा धनी कोण, असा प्रश्न दीडशें वर्षांनंतर उपस्थित झाला आहे. तो समजण्यासाठीं आधीं या प्राण्याची अंगरचना पाहिली पाहिजे.

प्रथमदर्शनीं पाहणाऱ्याची फसगत होते. तळ्यांतील शेवाळ व पाणगवत कांचेच्या पेल्यांत घेतलें आणि त्यांतून हा जीव आला, तर तीन ते पांच मिलिमीटर लांबीचें, पिवळसर, जवळजवळ वाटोळें व दोन्ही बाजूंनीं चपटें असें एक शिंपलें तेवढें दिसतें. हें एखाद्या तिसरीचें पिलूं असावें अशी समजूत होते न होते तोंच शिंपल्याच्या फटींतून दोन केसाळ हात बाहेर येतात आणि तें शिंपलें वल्हीं मारीत गवताच्या दुसऱ्या काडीवर जाऊन बसतें. तिसरीला असें करतां येत नाहीं. ती मृदुकाय, तिला ना सांधे, ना पाय, ना मुख्य डोळा. या जीवाच्या शिंपल्यांत मात्र सांध्यांचे अवयव आहेत, केसाळ पायांच्या रांगा आहेत, काळाभोर डोळा आहे. त्याचें गोत्र खेकडा, झिंगा व कोळंबी यांचें. म्हणून प्रस्तुत लेखांत त्याला शिंपकोळंबी असें म्हटलें आहे. अंग झांकण्याची एकच युक्ति दोन निराळ्या घराण्यांनीं स्वतंत्रपणें काढली, एवढेंच तिसरी आणि शिंपकोळंबी यांमधील साम्य होय.

ती युक्तिहि तंतोतंत एक नाहीं. तिसरीचीं दोन पुटें चुन्याचीं असून बिजागरीनें जोडलेलीं असतात. शिंपकोळंबीचें कवच कायटिन नांवाच्या द्रव्याचें असतें. झुरळाच्या अंगाला जो कडकपणा येतो तो याच द्रव्यामुळें. आणि या कवचाला बिजागरी नाहीं. एकच पातळ पापुद्रा पाठीवर दुमडलेला असतो. मुरड घालावयाची राहून गेलेली करंजी डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे रचना चटकन् ध्यानांत येईल. पाठीकडे घडी, पोटाकडे दोन मोकळ्या कडा, आणि मध्यें सारणाच्या जागीं प्राणी. डोक्याच्या मागेंच एक आखूड स्नायु या पुटापासून त्या पुटापर्यंत आडवा गेलेला असतो. तो आखडला कीं कडा मिटतात. सैल झाला कीं घडीच्या अंगच्या लवचिकपणानें त्या पुन्हां किंचित् उघडतात. उघडण्यासाठीं वेगळा स्नायु नाहीं व त्याची गरजहि नाहीं.

या पुटांच्या जाडींत, स्नायूच्या शेजारीं, वेटोळें घातलेली एक नळी भिंगाखालीं स्पष्ट दिसते. ती उत्सर्जनाची ग्रंथि होय. शरीरांतील टाकाऊ द्रव्यें वेगळीं करण्याचें जें काम मनुष्यांत मूत्रपिंड करितें, तें हिच्याकडे आहे. घराची मोरी भिंतीच्या आंतच बांधून काढण्याची ही काटकसर पाहून पाहणाऱ्याला गंमत वाटते. पण अंगाचा विस्तार पांच मिलिमीटरपेक्षां जास्त नसला म्हणजे भिंतीची जाडीहि वायां घालवून चालत नाहीं.

कवचाविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. खेकडा किंवा झिंगा वाढतांना कात टाकतो आणि जुनें कवच समूळ सोडून देतो. शिंपकोळंबीहि कात टाकते. पायांची, डोक्याची, शेपटीची सगळी बारीक त्वचा उतरते. परंतु पाठीवरचें शिंपलें ती टाकीत नाहीं. जुन्या पुटाखालीं त्याहून थोडें मोठें नवें पुट तयार होतें आणि जुनें त्याच्यावर तसेंच चिकटून राहतें. नव्याची कडा जुन्याच्या बाहेर डोकावते. अशा रीतीनें कडेला समांतर अशा रेषा एकाबाहेर एक उमटत जातात. झाडाच्या खोडांतील वलयें वर्षें सांगतात. येथील रेषा वर्षें सांगत नाहींत, कातींची मोजणी सांगतात. सायक्लेस्थेरियाच्या अंगावर अशा रेषा थोड्याच व पुसट असतात.

मऊ शरीर कुजून गेलें तरी रेषांचें हें शिंपलें चिखलांत उरतें, आणि चिखलाचा दगड झाला तर दगडांतहि उरतें. हिस्लॉप यांच्या चरित्राशीं या गोष्टीचा विलक्षण संबंध आहे. ते १८४५ मध्यें नागपुरास आले. धर्मोपदेश व शाळा हा त्यांचा व्यवसाय, आणि खडक व अवशेष यांचा शोध हें त्यांचें व्यसन. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनीं नागपूरच्या आसपासच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्यें लंडनच्या भूशास्त्र-मंडळाच्या त्रैमासिकांत छापला गेला. नागपूरच्या दक्षिणेस मंगळी येथील वीस कोटी वर्षांहून जुन्या खडकांत द्विपुट कवचांचे इवले ठसे सांपडले. १८६२ मध्यें रूपर्ट जोन्स यांनीं त्यांना एस्थेरिया मंगलिएन्सिस असें नांव दिलें. म्हणजे दगडांतली शिंपकोळंबी आणि पाण्यांत पोहणारी शिंपकोळंबी, दोन्हीं एकाच मनुष्याच्या हातून विलायतेस गेल्या. दुर्दैवानें पुढल्याच वर्षीं, ४ सप्टेंबर १८६३ रोजीं, टाकळघाट येथील पुरातन दगडी वर्तुळें पाहून परत येत असतां बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यांत हिस्लॉप बुडून मरण पावले.

जातां जातां एस्थेरिया या नांवाचाहि निकाल सांगून टाकलेला बरा. तें नांव १८३० मध्येंच एका माशीच्या कुलाला दिलेलें होतें असें पुढें आढळून आलें. प्राणिशास्त्रांत एक नांव दोन कुलांना चालत नाहीं, आणि जो आधीं आला त्याचा हक्क मोठा. माशीनें नांव राखलें; शिंपकोळंब्यांना दुसरीं नांवें शोधावीं लागलीं.

कवचाचें एक पुट अलगद उचलून बाजूला केलें, म्हणजे आंतील प्राणी कुशीवर निजलेला दिसतो. पुढें डोकें, आणि त्याला चोंचीसारखें खालीं वळलेलें टोंक. डोक्यांत सर्वांत आधीं नजरेंत भरतो तो डोळा. बहुतेक शिंपकोळंब्यांत दोन संयुक्त नेत्र एकमेकांना अगदीं खेटून असतात. सायक्लेस्थेरियांत ते एकमेकांत पूर्णपणें मिसळून एकच झालेले आहेत. हें एकाक्षत्व क्षुल्लक वाटलें तरी पुढें महत्त्वाचें ठरणार आहे. या मोठ्या डोळ्याच्या खालीं एक साधा डोळा असतो. कवचधारी प्राण्यांचीं अगदीं लहान पिलें अशाच साध्या डोळ्यानें पाहतात. येथें तो मोठेपणींहि टिकून राहिला आहे. त्याला उजेड-अंधार यांपलीकडे फारसें कांहीं कळत नसावें.

शिरःशृंगांच्या दोन जोड्या. पहिली जोडी बारीक, काडीसारखी. तिच्या टोंकाशीं वास व चव ओळखणारे तंतु असतात. दुसरी जोडी मोठी व दुभागलेली. प्रत्येक फांटा अनेक पेरांचा, आणि प्रत्येक पेरावर लांब केस. पेल्यांत प्रथम दिसलेले केसाळ हात ते हेच. कोळंबी शेपटीच्या फटकाऱ्यानें मागें उडी घेते. शिंपकोळंबी या शृंगांनीं पाणी मागें सारून पुढें जाते. अन्य प्राणी ज्यांचा उपयोग चांचपडण्यासाठीं करतात, त्यांचींच हिनें वल्हीं केलीं.

डोक्यामागील धडावर पायांच्या पंधरा-सोळा जोड्या असतात, आणि या प्राण्याचें सारें जीवित त्यांवर अवलंबून आहे. पाय म्हटल्यावर चालणें मनांत येतें. पण हे पाय चालण्याचे नव्हेत. प्रत्येक पाय पानासारखा पातळ, अनेक पाळ्यांचा, कडेला केसांची झालर असलेला. पुढचे मोठे, मागचे क्रमानें लहान होत गेलेले. ते एकाच वेळीं हलत नाहींत. मागच्या पायापासून लाट निघते व पुढें सरकत जाते. वाऱ्याची झुळूक जोंधळ्याच्या शेतावरून जातांना ताटें जशीं एकामागून एक लवतात, तशी. या लाटेमुळें कवचाच्या फटींतून पाणी आंत ओढलें जातें व मागून बाहेर पडतें. पाण्याबरोबर आलेले शेवाळाचे कण, कुजलेल्या पानांचा भुगा, सूक्ष्म जंतु हे केसांच्या चाळणींत अडकतात. पायांच्या दोन रांगांमध्यें पोटाच्या मधोमध एक पन्हळ आहे. अडकलेलें अन्न त्या पन्हळींत जमा होतें आणि पायांच्या मुळाशीं असलेले कांटे तें पुढें पुढें ढकलीत तोंडाकडे नेतात. पाणी मागें जातें आणि अन्न पुढें येतें, हा उलटसुलट व्यवहार एकाच यंत्राकडून होतो. तोंडाशीं वरून एक मांसल ओंठ झांकणासारखा आलेला असतो, आणि त्याखालीं दोन जबडे जात्याच्या तळ्यांसारखे एकमेकांवर घांसून अन्न दळतात.

याच पायांना बाहेरच्या अंगाला एकेक मऊ, पातळ पाळी असते. तिच्यांतून रक्त खेळतें व पाण्यांतील प्राणवायु घेतला जातो. तेव्हां पाय हेच गाळणें आणि पायच श्वासेंद्रिय. प्राण्यांच्या ज्या मोठ्या वर्गांत शिंपकोळंबी मोडते, त्याला पाश्चात्य शास्त्रज्ञांनीं ‘क्लोमपाद’ या अर्थाचें ग्रीक नांव दिलें आहे, तें याच कारणानें.

बाकीची आंतडीं-काळजाची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. अन्ननलिका तोंडापासून शेपटीपर्यंत जवळजवळ सरळ, तिला डोक्यांत पाचक ग्रंथींच्या दोन पिशव्या जोडलेल्या. पाठीशीं, डोक्यामागें, एक आखूड नळी सारखी स्फुरण पावत असते, तें हृदय. रक्ताला वेगळ्या शिरा अशा जवळजवळ नाहींत. तें अवयवांच्या मधल्या पोकळ्यांतून वाहून परत हृदयाकडे येतें. धडाच्या शेवटीं शेपटी खालीं वळते आणि तिला दोन टोंकदार नख्या असतात. शेपटीला झटका देऊन शिंपकोळंबी या नख्यांनीं पायांत अडकलेला गाळ साफ करते.

आतां मादीकडे वळावें. आणि येथेंच हा नागपूरचा प्राणी आपल्या भाऊबंदांपासून वेगळा पडतो.

बहुतेक शिंपकोळंब्या पावसाळी डबक्यांत राहतात. डबकें आटण्याआधीं मादी जाड टरफलाचीं अंडीं घालते व मरते. अंडीं चिखलांत वाळतात, उन्हाळा सोसतात, वाऱ्यावर धुळीबरोबर उडतात, आणि पुन्हां पाणी मिळालें म्हणजे त्यांतून तीन जोड्या अवयवांचें, शिंपलें नसलेलें एक पोहणारें डिंभ बाहेर पडतें. पुष्कळ काती टाकल्यावर त्याची शिंपकोळंबी होते. सायक्लेस्थेरिया मात्र कायमच्या पाण्यांतहि, तळ्यांच्या व सरोवरांच्या कडेच्या गवतांत, सुखानें नांदते. आणि तिची बाळंतपणाची रीति निराळी आहे. पाठीची घडी आणि धड यांमध्यें जी मोकळी जागा असते, तींत तिचीं पातळ कवचाचीं अंडीं राहतात. पायांच्या वरच्या अंगाला असलेले लांब तंतु त्यांना सांवरून धरतात. डिंभाची अवस्था तेथेंच, अंड्याच्या पडद्याआंत, न पोहतां पार पडते. आईच्या शिंपल्यांतच पिलांना डोळे फुटतात, पाय फुटतात, स्वतःचें शिंपलें येतें. आणि मगच तीं आईची लहान प्रतिकृति बनून बाहेर पडतात. पारदर्शक कवचांतून पिलांचे काळे डोळे एका ओळींत चमकतांना भिंगाखालीं दिसतात.

एवढ्यानें भागत नाहीं. कारण कायमचें म्हटलेलें तळेंहि एखाद्या वर्षीं आटतें. त्यासाठीं या प्राण्याजवळ दुसरी तरतूद आहे. प्रतिकूल काळांत मादी जाड कवचाचीं विश्रांत अंडीं तयार करते, तीं तिच्या शिंपल्यांतच राहतात, आणि ती मेल्यावर तेंच शिंपलें त्यांची पेटी होतें.

या तरतुदीचा प्रत्यय नॉर्वेंत आला. गेओर्ग ओसियान सार्स नांवाचे थोर प्राणिशास्त्रज्ञ ख्रिस्तियानिया येथें, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरांत, काम करीत. जलचर जिवंत मिळविण्यासाठीं ते एक साधी पण विलक्षण पद्धति वापरीत. दूरदेशींच्या तळ्यांतील वाळलेला चिखल ते मागवून घेत, तो पाण्याच्या भांड्यांत घालीत आणि वाट पाहत. ऑस्ट्रेलियांतून आलेल्या अशा चिखलांतून त्यांच्या भांड्यांत जी शिंपकोळंबी पोहूं लागली, ती बेअर्ड यांच्या नागपुरी प्राण्याशीं जुळत होती. तिचें तपशीलवार वर्णन त्यांनीं १८८७ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि ती इतर एस्थेरियांहून इतकी निराळी ठरली कीं तिच्यासाठीं त्यांनीं नवें कुल स्थापिलें. वाटोळेपणावरून ‘सायक्ल’ आणि जुन्या नांवावरून ‘एस्थेरिया’, मिळून सायक्लेस्थेरिया.

या प्राण्याचे नर क्वचितच सांपडतात. माद्या नरावांचूनहि पिढ्यान् पिढ्या प्रजा निर्माण करूं शकतात. नर जेव्हां मिळाला, तेव्हां त्याच्या पायांनीं शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. मादीच्या शिंपल्याची कडा पकडून ठेवण्यासाठीं नराच्या पुढच्या पायाचा आंकडा झालेला असतो. जाड तळहात आणि त्यावर मिटणारें वाकडें बोट, अशी त्याची घडण. सायक्लेस्थेरियासारख्या दिसणाऱ्या अन्य शिंपकोळंब्यांत आंकड्यांच्या दोन जोड्या असतात. येथें एकच आहे. पाण्यांतील दुसऱ्या एका चिमुकल्या जीवाचीहि तीच गोष्ट. मासे पाळणाऱ्यांच्या परिचयाची पाणपिसू, जिला डॅफ्निया म्हणतात, तिच्या वंशांत एकच डोळा, पाठीच्या घडींत वाढणारीं पिलें, नराशिवाय चालणारी प्रजा, आईच्या कवचांत सांठविलेलीं विश्रांत अंडीं, हीं सर्व लक्षणें आहेत. म्हणून सायक्लेस्थेरिया ही सर्व जिवंत प्राण्यांत पाणपिसवांची सर्वांत जवळची नातलग होय असें आज मानलें जातें. अंगावर शिंपकोळंबीचा सदरा आणि संसार पाणपिसूचा, असें तिचें रूप आहे.

सार्स यांच्यानंतर शंभर वर्षें सायक्लेस्थेरिया भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशी उष्ण कटिबंधांत सर्वत्र सांपडत गेली, आणि जेथें सांपडली तेथें तिला हिस्लोपाय हेंच नांव मिळत गेलें. नांव देणाऱ्यांचा त्यांत दोष नव्हता. भिंगाखालीं सर्व माद्या सारख्याच दिसत होत्या. तेंच वाटोळें शिंपलें, तोच एक डोळा, त्याच पायांच्या रांगा. इतका लहान प्राणी समुद्र ओलांडून सर्व खंडांवर कसा पोंचला, हें एक कोडें तेवढें उरलें होतें. २०१३ मध्यें संशोधकांच्या एका मंडळानें निरनिराळ्या प्रदेशांतील नमुन्यांच्या वंशद्रव्याची तुलना प्रसिद्ध केली, आणि कोडेंच बदललें. ही एक जाति नसून दिसण्यांत सारख्या अशा अनेक जाति आहेत, आणि त्यांच्या समान पूर्वजाचा काळ क्रिटेशस युगांत, म्हणजे १४ कोटी ५० लक्ष ते ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या दरम्यान, पडतो असा त्यांचा निष्कर्ष निघाला. नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवरील काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा थिजून झाला, तो सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. या शिंपकोळंब्यांचीं घराणीं त्या खडकाहूनहि जुन्या काळीं फुटूं लागलेलीं आहेत. इतका काळ वेगळीं राहूनहि त्यांच्या अंगरचनेंत डोळ्यांनीं ओळखतां येईल असा फरक पडला नाहीं, ही गोष्ट अंगरचनेचा अभ्यास करणाऱ्यांना नम्र करणारी आहे खरी.

आतां नांवाचा प्रश्न. प्राणिशास्त्राच्या नियमाप्रमाणें नांव हें वर्णनाला चिकटलेलें नसतें, तर ज्या नमुन्यावरून प्रथम वर्णन झालें त्या नमुन्याला चिकटलेलें असतें. वर्णन सर्वांना लागू पडलें तरी हिस्लोपाय या नांवावर हक्क एकाच घराण्याचा, तो नागपूरच्या पाण्यांतील घराण्याचा. बाकीचीं सर्व घराणीं, त्यांत सार्स यांच्या भांड्यांत वाढलेलें ऑस्ट्रेलियाचें घराणेंहि आलें, त्याहून वेगळीं ठरलीं तर त्यांना स्वतःचीं नांवें द्यावीं लागतील. मात्र वेगळीं कशापासून, हें सांगण्यासाठीं मूळ प्रमाण हातीं असावें लागतें, आणि तें प्रमाण नागपूरच्या परिसरांतील तळ्यांत आहे. मसुराएवढा हा प्राणी कोणाच्या जाळ्यांत येत नाहीं व बाजारांत विकला जात नाहीं. तळें बुजविलें गेलें किंवा त्यांत सांडपाणी सोडलें गेलें, तर त्याच्या नाहींसें होण्याची वार्ताहि कोणाला लागणार नाहीं. त्याचा तपास करूं पाहणाऱ्याला मोठी सामुग्री लागत नाहीं. कडेचें पाणगवत पांढऱ्या थाळींत झटकावें, थाळी उजेडांत ठेवावी, आणि पिवळसर वाटोळे ठिपके हलूं लागतात कीं काय तें पाहावें. ठिपके सांपडलेच, तर दहा-वीस माद्या पाहून थांबूं नये. एखाद्याच्या पुढच्या पायाला आंकडा आहे का, हें भिंगाखालीं एकेक करून तपासावें.